संगणक व्यवसाय : व्यावसायिक मानके व संघटना

संगणक व्यवसाय : व्यावसायिक मानके व संघटना. संगणकांचा अभिकल्प, त्यांसाठी लागणाऱ्या आज्ञावल्यांची रचना, संगणक प्रणालींची देखभाल आणि माहितीचे संस्करण या कामांत गुंतलेल्या व्यक्तींना स्थूलमानाने संगणक व्यावसायिक ही संज्ञा लावतात. या वर्गाने आपल्या कामासाठी ज्ञान, कौशल्य व आचरण यांबाबत ज्या किमान अटी ठरविण्याचा प्रयत्न केला, त्या व्यावसायिक मानके होत. आणि त्या ठरविण्यासाठी व सांभाळण्यासाठी त्याने ज्या संस्था उभारल्या, त्या संगणक व्यावसायिकांच्या संघटना होत. प्रस्तुत नोंदीत या मानकांचा व संघटनांचा १९४७ पासूनचा इतिहास मुख्यत्वे अमेरिकेची संयुक्त संस्थाने, ब्रिटन व भारत या देशांच्या संदर्भात दिला आहे.

वैद्यक, वकिली, हिशेबतपासणी यांसारख्या जुन्या व्यवसायांभोवती कायद्याचे कुंपण असते. भारतात सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा व वास्तुशिल्पज्ञांसाठी १९७२ चा अधिनियम आहे. अशा व्यवसायांत नोंदपुस्तकात नाव असल्यावाचून तो व्यवसाय करता येत नाही किंवा निदान त्याचे बिरुद लावता येत नाही. गैरवर्तन सिद्ध झाल्यास नाव काढून टाकण्याचा अधिकारही मुख्यतः व्यवसायबंधूंच्याच मंडळाकडे असतो. संगणक व्यवसायाला बहुतेक देशांत असे कुंपण कधीच लाभले नाही. बँकेतील ठेवी, रुग्णाला दिले जाणारे प्रारण, आगगाड्यांचे संकेत व नागरिकांच्या नोंदी ज्यांच्या आज्ञावल्यांवर अवलंबून असतात, त्यांना ते काम करण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. त्यामुळे परवान्यावाचून जबाबदारी कशी राखावयाची, हा या व्यवसायाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

प्रारंभ : एनिॲक हा इलेक्ट्रॉनीय संगणक अमेरिकेत फेब्रुवारी १९४६ मध्ये जाहीररीत्या दाखविण्यात आला, तेव्हा त्यावर गणिते मांडण्याचे काम सहा स्त्रियांकडे होते. यंत्र बांधणे हे अभियंत्याचे काम आणि त्याला आज्ञा पुरविणे हे दुय्यम, जवळजवळ कारकुनी काम, अशी तेव्हाची समजूत होती. आज्ञावली रचणे हे यंत्रबांधणीइतकेच अवघड आहे, हे पुढील दहा वर्षांत स्पष्ट झाले. परंतु या कामाला ठरलेला शिक्षणक्रम वा मान्य दर्जा नव्हता. गणित, भौतिकी, लेखाकर्म, भाषा, संगीत अशा भिन्न विषयांत शिकलेल्या व्यक्ती या कामाकडे वळल्या आणि कंपन्या त्यांची निवड बहुधा अभियोग्यता कसोट्यांवरून करीत.

या क्षेत्रातील पहिली महत्त्वाची संस्था १५ सप्टेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात स्थापन झाली. तिचे आरंभीचे नाव ‘ईस्टर्न असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी’ असे होते, १९४८ मध्ये ‘ईस्टर्न’ हा शब्द गळून ती ‘असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी’ (ए. सी. एम.) या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या स्थापनेत एडमंड बर्कली यांचा पुढाकार होता. ते विमा कंपनीत काम केलेले गणितज्ञ होते आणि संगणकाच्या सामाजिक परिणामांची जबाबदारी तो घडविणाऱ्यांवर येते, हे मत त्यांनी पुढे आयुष्यभर मांडले. १९५४ पासून संस्थेचे संशोधनपर नियतकालिक व १९५८ पासून सर्व सदस्यांसाठीचे मासिक निघू लागले. तिचा मुख्य भर ज्ञानप्रसारावर होता. कोणी हे काम करावे व कोणी करू नये, हे ठरविण्याची तिची भूमिका नव्हती.

दुसरा प्रवाह कचेऱ्यांतून आला. विमा कंपन्या, रेल्वे व सरकारी खाती यांत छिद्रित पत्रांवर हिशेब करणारी यंत्रे संगणकापूर्वीच रूढ झाली होती. या यंत्रविभागांच्या पर्यवेक्षकांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल मशीन अकाउंटंट्स असोसिएशन’ ही संस्था नोंदविली, १९६२ मध्ये तिचे नाव ‘डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन’ (डी. पी. एम. ए.) असे झाले. ए. सी. एम. मध्ये विद्यापीठांतील गणितज्ञ व संशोधक यांचे, तर डी. पी. एम. ए. मध्ये व्यापारी कचेऱ्यांतील व्यवस्थापकांचे प्राबल्य होते. एकच यंत्र वापरणाऱ्या या दोन वर्गांत परस्परांविषयी फारशी आस्था नव्हती, आणि या दुहीचा परिणाम पुढील प्रत्येक प्रयत्नावर झाला. विद्युत् अभियंत्यांनी आपल्या संस्थांतर्गत संगणकविषयक गट स्थापिले. त्यांतूनच पुढे ‘आय. ई. ई. ई. कंप्युटर सोसायटी’ ही तिसरी मोठी संस्था उदयास आली.

ब्रिटनमध्ये १९५७ साली ‘ब्रिटिश कंप्युटर सोसायटी’ स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष केंब्रिज विद्यापीठातील मॉरिस विल्क्स हे होते. तिने मात्र जुन्या ब्रिटिश व्यवसायसंस्थांचा मार्ग अनुसरला. सदस्यत्वाच्या श्रेणी ठरवून तिने १९८४ मध्ये राजसनद मिळविली. पुढे सनदी अभियंता व सनदी माहिती तंत्रज्ञान व्यावसायिक ही बिरुदे देण्याचा अधिकारही तिला लाभला. तथापि ही बिरुदे ऐच्छिक होती. त्यांवाचून काम करण्यास मनाई नव्हती. राष्ट्रीय संस्थांना एकत्र आणणारा ‘इंटरनॅशनल फेडरेशन फॉर इन्फर्मेशन प्रोसेसिंग’ हा महासंघ यूनेस्कोच्या आश्रयाखाली १९६० मध्ये स्थापन झाला.

परीक्षा व प्रमाणपत्रे : आज्ञावलीकारांची मागणी वाढू लागताच अल्प मुदतीत ‘संगणकतज्ञ’ बनविण्याचे आश्वासन देणाऱ्या खाजगी शाळा अमेरिकेत निघाल्या आणि खऱ्याखोट्या पात्रतेचा प्रश्न उभा राहिला. त्यावर उपाय म्हणून मशीन अकाउंटंट्सच्या संस्थेने १९६२ मध्ये ‘सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग’ ही परीक्षा सुरू केली. सनदी लेखापालाच्या परीक्षेप्रमाणे ती या व्यवसायाचे प्रवेशद्वार ठरावी, असा तीमागील हेतू होता. तो सफल झाला नाही. विद्यापीठीय संशोधकांना ती परीक्षा उथळ वाटली. अनुभवी आज्ञावलीकारांना शैक्षणिक पात्रतेची अट जाचक वाटली. नोकरी देणाऱ्या कंपन्यांनी तर ती कधीच आवश्यक मानली नाही. कुशल माणसांची टंचाई असताना आपल्या निवडीचे क्षेत्र आखूड करून घेणे त्यांच्या सोयीचे नव्हते. १९७३ मध्ये ए. सी. एम. व डी. पी. एम. ए. यांसह अनेक संस्थांनी मिळून प्रमाणीकरणासाठी संयुक्त मंडळ नेमले व परीक्षा त्याकडे सोपविली. परंतु तोवर प्रवेशद्वार म्हणून तिचे महत्त्व ओसरले होते.

त्या मानाने विशिष्ट कामापुरती मर्यादित प्रमाणपत्रे अधिक रुजली. संगणकीय हिशेबांच्या तपासनिसांनी १९६९ मध्ये आपली संस्था काढली आणि १९७८ पासून तिची ‘सर्टिफाइड इन्फर्मेशन सिस्टिम्स ऑडिटर’ ही परीक्षा बँका व सरकारी खाती यांत मान्यता पावली. माहितीच्या सुरक्षेसाठीची तशीच परीक्षा १९९४ मध्ये सुरू झाली. याच सुमारास यंत्रसामग्री व सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या उत्पादनांपुरती प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला. सिस्को कंपनीची जालतज्ञाची परीक्षा १९९३ ची आहे. पात्रता ठरविण्याचे काम व्यवसायबंधूंकडून अशा रीतीने अंशतः विक्रेत्यांकडे गेले. या प्रमाणपत्रांनी कौशल्याची खात्री मिळते; परंतु उत्पादन बदलले की त्यांचे मोल घटते आणि आचरणाविषयी त्यांतील बहुतेक मौन पाळतात.

जपानने निराळा मार्ग घेतला. तेथे १९६९ पासून माहिती संस्करण तंत्रज्ञांसाठी शासकीय परीक्षा घेतली जाते. ती परवान्यासाठी नसून पात्रतेच्या दाखल्यासाठी असते.

आचारसंहिता : ए. सी. एम. ने १९६६ मध्ये व्यावसायिक आचरणाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. ती तयार करण्यात डॉन पार्कर यांचा मोठा वाटा होता. संगणकाच्या आधारे होणाऱ्या अपहारांचा अभ्यास करताना, एरवी सचोटीने वागणारी माणसे यंत्रासमोर बसल्यावर वेगळे नियम लावतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. १९७२ मध्ये या तत्त्वांना संहितेचे रूप मिळाले. १९९२ च्या संहितेत शिक्षेपेक्षा विवेकावर अधिक भर दिला गेला. १९९९ मध्ये ए. सी. एम. व आय. ई. ई. ई. कंप्युटर सोसायटी यांनी मिळून सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी आठ तत्त्वांची संहिता मान्य केली. तीत लोकहित हे पहिले तत्त्व असून ग्राहक व मालक यांच्याविषयीची कर्तव्ये त्यानंतर येतात. हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. २०१८ मध्ये सुधारलेल्या ए. सी. एम. च्या संहितेतही लोकहिताला अग्रस्थान आहे. या दोन्ही संहितांच्या रचनेत डॉनल्ड गॉटर्बार्न हे प्रमुख होते.

या संहितांची मर्यादा उघड आहे. त्यांचा भंग करणाऱ्याला संस्था फार तर सदस्यत्वातून वगळू शकते. आणि सदस्यत्वावाचून काम करता येत असल्यामुळे त्या शिक्षेने त्याच्या उपजीविकेला धक्का लागत नाही. याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मालकाने सांगितलेले काम लोकांना अपायकारक आहे, असे ज्याला वाटते त्याला संहिता नकार देण्यास सांगते. परंतु नकार दिल्यावर त्याचे रक्षण करण्याचे साधन तिच्यापाशी नसते.

काही कसोटीचे प्रसंग : सान फ्रॅन्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ या जलद रेल्वेमार्गावर गाड्या आपोआप चालविणारी नियंत्रणव्यवस्था बसविली जात असताना तीन अभियंत्यांनी तिच्या सुरक्षिततेविषयी शंका घेतल्या. मार्च १९७२ मध्ये त्यांना नोकरीतून काढण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रीमाँट स्थानकावर एक गाडी न थांबता रुळांच्या टोकापलीकडे गेली व काही प्रवासी जखमी झाले. अभियंत्यांनी भरलेल्या दाव्यात आय. ई. ई. ई. ने १९७५ मध्ये न्यायालयापुढे निवेदन सादर केले : लोकांच्या सुरक्षिततेचे रक्षण हे अभियंत्याचे कर्तव्य असून त्यासाठी त्याला काढून टाकणे हा कराराचा भंग मानावा. दावा आपसांत मिटला. १९७८ मध्ये या संस्थेने तिघांचा लोकहितासाठी पुरस्कार देऊन गौरव केला. व्यवसायसंस्था आपल्या माणसाच्या पाठीशी उभी राहिल्याचे हे आरंभीचे व महत्त्वाचे उदाहरण होय.

१९८५ मध्ये डेव्हिड पार्नस या संगणकवैज्ञानिकांनी अमेरिकेच्या क्षेपणास्त्रप्रतिबंधक योजनेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. प्रत्यक्ष युद्धाखेरीज जिची खरी चाचणी घेता येणार नाही, अशा प्रचंड आज्ञावलीवर विसंबणे योग्य नाही आणि हे ठाऊक असताना तीवर काम करीत राहणे व्यावसायिक कर्तव्याला सोडून होईल, असे कारण त्यांनी जाहीररीत्या मांडले. याच सुमारास ‘कंप्युटर प्रोफेशनल्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी’ ही संघटना (१९८१–२०१३) अशा प्रश्नांवर कार्य करीत होती.

जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात ‘थेरॅक–२५’ या प्रारणोपचार यंत्राने अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना मर्यादेच्या कित्येक पट प्रारण दिले. त्यांपैकी निदान तिघांचा त्यामुळे मृत्यू झाला. यंत्राच्या आधीच्या प्रतिमानांत असलेले यांत्रिक अटकाव या प्रतिमानात काढून सुरक्षिततेचा भार आज्ञावलीवर टाकला होता. यंत्रचालकाने पडद्यावरील नोंद भराभर दुरुस्त केली, तर काही विशिष्ट क्रमात आज्ञावलीचे दोन भाग परस्परांशी विसंगत अवस्थेत जात. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चिकित्सेनुसार ही आज्ञावली मुख्यतः एकाच व्यक्तीने रचलेली होती आणि तिची लेखी माहिती व चाचणी अगदी अपुरी होती. अशी मात्रा संभवतच नाही, असे उत्पादकांचे प्रथम म्हणणे होते. टेक्सस राज्यातील एका रुग्णालयाचे भौतिकीविज्ञ व यंत्रचालक यांनी तो बिघाड स्वतः पुन्हा घडवून दाखविला, तेव्हा त्याचे स्वरूप कळले. १९८६ मध्ये यंत्राच्या वापरकर्त्यांचा गट एकत्र आला व त्याने दुरुस्तीसाठी दडपण आणले. दोष शोधण्यात व तो लपू न देण्यात समव्यावसायिकांच्या संपर्काचे महत्त्व यावरून दिसून येते.

ब्रिटनच्या डाक खात्यात १९९९ पासून बसविलेल्या ‘होरायझन’ या हिशेब प्रणालीचे प्रकरण सर्वांत व्यापक आहे. प्रणालीने दाखविलेल्या तुटीच्या आधारे १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपडाकपालांना चोरी, खोटे हिशेब इ. गुन्ह्यांसाठी दोषी ठरविण्यात आले. काहींना तुरुंगवास घडला, अनेकांचे संसार मोडले. त्या काळात, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालत होता, असे इंग्लंडमधील न्यायालयांत गृहीत धरले जाई. प्रणालीत दोष होते, असा निर्णय उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये दिला. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा रद्द केली आणि २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून उरलेल्या बहुसंख्यांना दोषमुक्त केले. प्रणालीतील दोषांची जाणीव ती चालविणाऱ्या तंत्रज्ञांपैकी काहींना होती, ही गोष्ट चौकशीत पुढे आली. राजसनद असलेली व्यवसायसंस्था ज्या देशात होती, तेथेच हे घडले. यावरून ऐच्छिक मानकांची मर्यादा ध्यानात येते.

परवान्याचा वाद : मोठ्या आज्ञावल्या वेळेवर व निर्दोष तयार होत नाहीत, या प्रश्नाच्या विचारासाठी नाटोच्या विज्ञान समितीने ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे परिषद भरविली. तीमुळे ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा रूढ झाली. अभियांत्रिकी म्हटली म्हणजे अभियंत्याचा परवानाही ओघाने येतो, असे पुढे काहींनी प्रतिपादिले. १९९८ मध्ये टेक्सस राज्याने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीला परवानायोग्य शाखा म्हणून मान्यता दिली. ए. सी. एम. ने १९९९ मध्ये त्यास विरोध केला : या शाखेतील ज्ञान अद्याप स्थिरावलेले नाही, त्यामुळे परवान्याने गुणवत्तेची हमी मिळणार नाही आणि जनतेला मात्र ती मिळाल्याचा भास होईल, असे तिचे म्हणणे होते. आय. ई. ई. ई. कंप्युटर सोसायटीने या शाखेच्या ज्ञानक्षेत्राची मांडणी पुढे चालू ठेवली व २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. अमेरिकेत परवान्यासाठीची परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. परंतु २०१९ पर्यंत तीस एकूण ८१ उमेदवारच बसल्यामुळे ती बंद करण्यात आली. कॅनडात ‘अभियंता’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे. तरीही आल्बर्टा प्रांताने २०२३ मध्ये ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ या पदनामास त्यातून सूट दिली.

परवान्यास झालेला विरोध केवळ मालकांच्या सोयीचा नव्हता. पदवी नसलेल्या, पण स्वतः शिकून पारंगत झालेल्या असंख्य व्यक्तींनी हे क्षेत्र घडविले होते. दार बंद केल्यास त्यांना आधी बाहेर राहावे लागले असते.

सहकाराची परंपरा : परीक्षा व संहिता यांच्या जोडीने एक तिसरी परंपरा वाढली. तिचे मानक लेखी नसून कामाच्या पद्धतीत असते. लॉस अँजेल्स परिसरातील विमानउद्योगांत आय. बी. एम.–७०४ हा संगणक वापरणाऱ्यांनी १९५५ मध्ये ‘शेअर’ हा गट स्थापन केला. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांतील हे आज्ञावलीकार आपल्या आज्ञावल्या एकमेकांना देत व त्यांतील चुका कळवीत. संगणकांना जोडणाऱ्या आर्पानेट या जाळ्याचे नियम ठरविताना स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ रोजी पहिले टिपण लिहिले व त्या मालेला ‘अभिप्रायार्थ विनंती’ अशा अर्थाचे विनम्र नाव दिले. आंतरजालाची तांत्रिक मानके आजही याच मालेतून प्रसिद्ध होतात. ती तयार करणाऱ्या ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ या मंडळात (१९८६) औपचारिक सदस्यत्व नाही व मतदानही नाही. उपस्थितांची ढोबळ सहमती व प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली या दोहोंवर निर्णय होतो.

संगणक प्रणालींची देखभाल करणाऱ्यांचा वर्ग बराच काळ उपेक्षित होता. युनिक्स प्रणालीच्या वापरकर्त्यांच्या ‘यूझनिक्स’ या संस्थेने (१९७५) त्यांच्यासाठी १९८७ पासून वार्षिक परिषदा भरविल्या आणि १९९२ मध्ये ‘सेज’ नावाचा त्यांचा गट स्थापन झाला. या व्यक्तींना इतरांची पत्रे, पगारपत्रके व रुग्णनोंदी वाचता येण्याजोगा प्रवेश असतो. म्हणून त्यांच्या संहितेत इतरांच्या खाजगीपणाच्या रक्षणाला विशेष स्थान मिळाले. कामाच्या पायऱ्या ठरवून कोणत्या पायरीवर काय यावे याची वर्णनेही या गटाने तयार केली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत आज्ञावली सर्वांसमोर उघडी असते व तिचे परीक्षण समव्यावसायिक करतात. केलेले काम हेच पात्रतेचे प्रमाण ठरते. डेबियन या प्रकल्पाने १९९७ मध्ये वापरकर्त्यांशी आपला सामाजिक करार जाहीर केला. त्यात सामील होणाऱ्याची ओळख पटविली जाते, कौशल्य तपासले जाते व करारास त्याची मान्यता घेतली जाते. कायद्याचा आधार नसताना एखाद्या व्यवसायमंडळाचे काम स्वयंसेवकांनी चालविल्याचे हे उदाहरण आहे.

परंतु खुलेपणा सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही. आरंभी स्त्रियांचे मानले गेलेले हे काम प्रतिष्ठा पावताच पुरुषप्रधान झाले. अमेरिकेत संगणकविज्ञानाच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ मध्ये सुमारे ३७ टक्के होते. २०१० च्या सुमारास ते २० टक्क्यांच्याही खाली आले. ॲनिटा बॉर्ग यांनी १९८७ मध्ये या क्षेत्रातील स्त्रियांचा ‘सिस्टर्स’ हा गट सुरू केला. १९९४ पासून ग्रेस हॉपर यांच्या नावाने स्त्रियांची परिषद भरू लागली.

भारत : भारतात संगणकाचा प्रवेश १९५५ च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुढे त्या संस्थेत आलेल्या मोठ्या सीडीसी–३६०० संगणकाचा उपयोग देशातील अनेक संस्थांना होऊ लागला. संगणक वापरणाऱ्यांच्या गटातून १९६५ मध्ये ‘कंप्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ उदयास आली. टिफ्रॅकच्या उभारणीत प्रमुख असलेले रंगस्वामी नरसिंहन् हे तिचे पहिले अध्यक्ष व मुंबई हे तिचे मुख्य ठाणे. गावोगावच्या शाखा, वार्षिक अधिवेशने व नियतकालिके यांद्वारे तिने संशोधक, शासकीय अधिकारी व उद्योगांतील तंत्रज्ञ यांना एकत्र आणले. सदस्यत्व ऐच्छिक असल्याने व्यवसायाचे नियमन हे तिचे कार्य होऊ शकले नाही.

त्याच काळात विमा व बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना संगणकाकडे बेकारीचे कारण म्हणून पाहत होत्या. या वादाच्या चौकशीसाठी केंद्र शासनाने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या स्वयंचलन समितीचे प्रतिवृत्त १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकामुळे ज्यांचे काम जाण्याची भीती होती त्यांच्या कामगार संघटना होत्या, तर संगणक चालविणाऱ्यांची केवळ विद्वत्संस्था होती, अशी त्या वेळची विभागणी होती.

शिक्षणाच्या मानकांकडे शासनाने लक्ष दिले. वै. राजारामन् यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १९८२ च्या सुमारास संगणक उपयोजनाचा पदव्युत्तर शिक्षणक्रम (एम. सी. ए.) सुरू झाला. खाजगी प्रशिक्षणवर्गांचे पेव फुटल्यावर त्यांच्या विषम दर्जावर उपाय म्हणून इलेक्ट्रॉनिकी विभागाने संगणक सोसायटीच्या सहकार्याने १९९० मध्ये ‘डोएक’ ही अधिस्वीकृती योजना आखली. तीत ओ, ए, बी व सी अशा चार पातळ्या असून महाविद्यालयात प्रवेश न मिळालेल्यासही परीक्षा देता येई. ही योजना चालविणाऱ्या संस्थेचे २०११ मध्ये ‘नायलिट’ असे नामांतर झाले. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राची परीक्षा आणि पुण्यास १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’चे पदविका शिक्षणक्रम यांनीही महाराष्ट्रातील अनेकांना या व्यवसायात आणले.

निर्यातप्रधान उद्योग वाढल्यावर मानकांचे स्वरूप बदलले. परदेशी ग्राहकाला दूर अंतरावरून कामाच्या दर्जाची खात्री हवी होती. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्षमता-परिपक्वता प्रतिमानाच्या पाच पातळ्या होत्या. पाचवी पातळी गाठणाऱ्यांत भारतीय कंपन्या त्या दशकाच्या अखेरीस आघाडीवर होत्या. हे मानक व्यक्तीचे नसून कंपनीच्या कार्यपद्धतीचे होते. त्यामुळे कामात शिस्त आली. पण दर्जाची मालकी कंपनीकडे गेली व आज्ञावलीकाराची स्वतःची अशी व्यावसायिक ओळख दुर्बळच राहिली. कंपन्यांची ‘नॅसकॉम’ (१९८८) ही संघटना उद्योगाची प्रवक्ती झाली. तिच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘नॅशनल स्किल्स रजिस्ट्री’ सुरू झाली. तीत कर्मचाऱ्याची ओळख, शिक्षण व पूर्वीच्या नोकऱ्या यांची नोंद असते. अशा रीतीने व्यवसायाला नोंदपुस्तक मिळाले; मात्र ते व्यवसायबंधूंनी राखलेले नसून मालकांच्या पडताळणीसाठी केलेले होते.

पुढे नोकरकपातीच्या लाटांनी संघटनेचा प्रश्न पुन्हा पुढे आणला. माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांना कामगार संघटना स्थापता येते, असे तमिळनाडू शासनाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. कर्नाटकात २०१७ मध्ये अशा कर्मचाऱ्यांची संघटना स्थापन झाली. पुण्यातून चालणारी ‘नाइट्स’ ही संघटना नोकरकपात व नेमणुकीतील दिरंगाई यांविषयीच्या तक्रारी शासनाच्या कामगार खात्यांपुढे मांडते. २०२४ मध्ये देशातील माहिती तंत्रज्ञान उद्योगात ५० लाखांहून अधिक व्यक्ती काम करीत होत्या. त्या मानाने या संघटनांचे सदस्यत्व थोडे आहे. दुसरीकडे सहकाराची परंपराही येथे रुजली आहे. पुण्यातील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हाताशी धरून भरविलेल्या परिषदांतून मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार केला.

मूल्यमापन : खुलेपणामुळे संगणक व्यवसायाची वाढ झपाट्याने झाली. लहान गावांतून आलेल्या, मोठ्या संस्थांत न शिकलेल्या व्यक्तींनाही त्यात स्थान मिळाले. महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांची स्थिती त्यामुळे एका पिढीत पालटली. परवान्याचे कुंपण असते, तर हे इतक्या सहजी घडले नसते. परंतु परवाना जसा इतरांना बाहेर ठेवतो, तसा तो धारकाला नकार देण्याचे बळही देतो. सदोष हिशेबावर सही करण्यास सनदी लेखापाल नकार देतो, तेव्हा त्याच्यामागे अधिनियम व मंडळ असते. सदोष आज्ञावली ग्राहकाकडे पाठविण्यास नकार देणाऱ्या तंत्रज्ञापाशी बहुधा स्वतःच्या विवेकाखेरीज काही नसते.

परीक्षांनी कौशल्य मोजले, संहितांनी कर्तव्य सांगितले व सहकारी गटांनी चांगल्या कामाची सवय लावली; परंतु कर्तव्य पार पाडणाऱ्याच्या रक्षणाची व्यवस्था या तिन्हींपैकी कोणीही पूर्णपणे उभारू शकले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली कर्ज, नोकरी, उपचार व न्याय यांविषयीच्या निर्णयांत वापरल्या जाऊ लागल्यापासून या उणिवेचे महत्त्व वाढले आहे. बार्टच्या अभियंत्यांच्या बाबतीत एका व्यवसायसंस्थेने जे केले, ते अपवादाऐवजी प्रघात होणे, ही या व्यवसायाच्या पूर्णत्वाची अट मानता येईल.